चेनकव्हर आणि माझं मौन

उठल्यापासून महादेवाला पाणी घालेपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत. साऱ्या घोटावड्याला ठाऊक आहे, आमच्या ह्यांना तर असायलाच हवं.

तरी सोमवारी तांब्या घेऊन बाहेर आले, तर हे माझ्या सायकलीशी पाना घेऊन बसलेले. "चेनकव्हर लई खडखडतंय. काढून टाकू का?"

मी मान हलवली, हात हलवला, तांब्यातलं पाणी सांडलं. ह्यांची नजर पान्यावर.

"बोलत न्हाईस म्हंजी चालतंय," म्हणाले, आणि कव्हर काढून दारावरून चाललेल्या भंगारवाल्याच्या गाडीत टाकलं. वाकलेलं होतं, मान्य. पण होतं ना!

देवळाकडे निघाले, तर कंपनीच्या वळणावर माझं पातळ चेनमध्ये गेलं. मागं कामगारांची बस.

"ओ मावशी, बाजूला घ्या की! ऐकू येत न्हाई का?" ड्रायव्हर ओरडला.

काय सांगणार त्याला? पातळ ओढलं, ते फाटलं, तेलानं काळं झालं. तसल्या वस्त्रानं गाभाऱ्यात कशी जाऊ? सायकल ढकलत घरी आले, पातळ बदललं, चालत देवळात गेले. पाणी घातलं आणि तोंड उघडलं. नाव महादेवाचं निघायचं, निघालं ह्यांचं.

"हैबतराव!"

शेजारी बेल वाहणाऱ्या गंगूबाई दचकल्याच. उखाणा सोडला तर उभ्या जन्मात मी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही.

दुपारी ह्यांना घेऊन निरंजनच्या सायकल दुकानात गेले.

"काकू, पत्र्यापायी कशाला खर्च करताय? त्याच्याबिगर चेनला काय बी होत न्हाई. हल्लीच्या सायकलींना कव्हर नसतंच."

"हल्लीच्या सायकलींवर पँटवाले बसतात. चेनचं मला काय सांगतोस? माझ्या पातळाचं सांग."

आवाज चढवला नव्हता मी. तरी निरंजन कव्हर शोधायला लागला.

"अगं, मी सोडीन की रोज गाडीवर," हे म्हणाले.

"तुमच्या मागं बसून? वाटभर तुम्ही बोलणार, आणि मला उत्तर देता यायचं नाही!"

नवं कव्हर बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन बाहेर आले. हे पुन्हा सायकलीशी उकिडवे.

"कव्हर झ्याक बसलंय. पर ह्यो मडगार्ड बी हलतोय जरा. काढू का..."

मी ह्यांच्या हातातला पाना घेतला, फुलांच्या परडीत ठेवला आणि पायडल मारलं.