दांडा कोणाच्या हाताचा

रूपाच्या भावाचं पार्सल आलं तेव्हा ती दवाखान्यात ड्युटीवर होती, म्हणून ते तिच्या नवऱ्याने, प्रसेनजितने उघडलं. आत वीतभर लांबीची चौकोनी पोलादी सळई निघाली. तिच्या टोकाला नखाएवढा चौकोनी तुकडा स्क्रूने बसवलेला होता.

संध्याकाळी रूपा आल्यावर तो म्हणाला, "तुह्या भावानं सळई पाठवली. कायची हाय?"

"पेन करायचं हत्यार हाय. कार्बाइडचं. याले धार लावा लागत नाही. एक कोपरा बोथट झाला की तुकडा फिरवायचा, झालं."

"मंग याले दांडा कुठं हाय?"

"दांडा आपणच करायचा असते. आपल्या हाताले बसन असा."

कारंज्याला त्यांच्या घराच्या मागच्या ओसरीत रूपाचा लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ होता. रूपा नर्स होती. सुटीच्या दिवशी ती त्यावर लाकडाचे पेन करायची. दर चौदा एप्रिलला विहारात दहावी पास झालेल्या पोरांना तिचेच पेन मिळत. पेनांचा डबा उचलून न्यायचं काम प्रसेनजितचं. तो लाईनमन होता, रोज खांबावर चढायचा, पण लेथशी त्याचा संबंध आजवर फक्त खाली पडलेला भुसा झाडण्यापुरता होता.

"मी करतो दांडा," तो म्हणाला.

"तुमी?"

"काहून? मले हात नाहीत का?"

"हात हायेत. म्हणूनच तं काळजी वाटते."

प्रसेनजितने ते मनावर घेतलं. इंझोरीच्या काकांच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ पडली होती, तिचा वाळलेला ओंडका तो गाडीवर बांधून घेऊन आला. त्याला खरं तर सागवान हवं होतं. पण त्याची आई, केशरबाई, म्हणाली, "कुऱ्हाडीले बाभूळ चालते, वखराले चालते. पेनाच्या हत्याराचा एवढा कायचा तोरा?"

पुढच्या रविवारी तो सकाळीच लेथवर उभा राहिला. रूपाने चालू-बंद कसं करायचं ते दाखवलं, त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बाजूला बसली. प्रसेनजितने लाकूड गोल केलं, मधे फुगवटा ठेवला, मागचं टोक चेंडूसारखं केलं. दिसायला दांडा खरंच देखणा झाला. मग सळई घालायला त्याने हातातल्या ड्रिलने भोक पाडलं. सळई बसवून त्याने दांडा डोळ्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

रूपाने वाकून पाहिलं. "दांडा चालला मानोऱ्याले अन् सळई चालली मूर्तिजापूरले."

"थोडंसंच तिरपं हाय."

"हो, थोडंसंच. दोन्ही गावं आपल्याच देशात हायेत."

केशरबाईने तो दांडा उचलून स्वयंपाकघरात नेला. त्याच्या चेंडूसारख्या टोकाने ठेचा चांगला कुटला जातो, असं तिने जेवताना सांगितलं. प्रसेनजितने भाकरीवरून नजर उचलली नाही.

दुसऱ्या वेळी त्याने तोरा सोडून विचारलं आणि रूपाने सांगितलं: आधी लेथवरच सरळ भोक पाडायचं, मग त्या भोकाच्या भोवती लाकूड गोल करायचं. तोंडाशी लाकूड फुटू नये म्हणून पितळी नळीचा तुकडा ठोकून बसवायचा. त्याने सगळं तसंच केलं.

"खांदे खाली सोडा," रूपा म्हणाली. "कोणी बसलं हाय का त्यांच्यावर?"

त्याने खांदे सोडले. लाकडाची सालपटं लांब, कुरळी होऊन सुटायला लागली. रूपाने दांड्याच्या जाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अजून बारीक करा."

"करून राह्यलो."

"अजून."

"बस, आता बराबर हाय," असं म्हणून त्याने लेथ बंद केला. तिने आपल्या मुठीचं माप द्यायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "झाल्यावर धरजो." जवसाचं तेल चोळून त्याने दांडा चकचकीत केला, सळई डिंकासारख्या मसाल्याने आत पक्की बसवली आणि वाळल्यावर रूपाच्या हातात दिला.

रूपाने मूठ आवळली. तिची बोटं तळव्यापर्यंत पोचेनात.

"हे काय हो? हा दांडा हाय का म्हशीचा खुंटा?"

प्रसेनजित भिंतीकडे पाहत उभा राहिला. केशरबाई दारात तूर निवडत बसली होती. ती म्हणाली, "रूपा, त्याले दे बरं. तू धर रे."

त्याने धरला. दांडा त्याच्या मुठीत असा बसला, जणू तिथूनच उगवला होता. त्याचं त्यालाही ते कळलं आणि त्याचे कान लाल झाले.

"असं हाय का," रूपा म्हणाली. "तुमाले शिकायचं होतं, तं सांगाले काय झालं होतं?"

"तू हासली असती."

"हासली तं असतीच." तिने लेथवरचा भुसा झटकला. "पण शिकवलंही असतं."

तो खुर्चीवर बसला. "विहारात पोरं खिशाले पेन लावून फिरतात. सगळे म्हणतात, रूपाताईचा पेन. मी डबा धरून उभा. वाटलं, एखादा आपल्या हातचाही असावा. पोराले माहीत नसलं तरी चालते."

रूपाला हसू आलं होतं, ते तिने गिळलं. त्याच्या हातातला दांडा काढून घेऊन तिने लेथच्या बाजूच्या खिळ्यावर टांगला. "हा तुमचा. उद्या सुटी हाय ना? उभे राहा मंग."

पहिल्या दिवशी पेनाचं लाकूड फुटून तुकडे अंगणात गेले. दुसऱ्या सुटीला पेन झाला, पण एवढा जाड, की केशरबाई म्हणाली, यानं लिहाचं नाही जमलं, तं पोळ्या लाटून घेऊ. तिसरा बरा निघाला. रूपाने तो उन्हात फिरवून पाहिला, काहीच नावं ठेवली नाहीत आणि डब्यात आपल्या पेनांच्या शेजारी ठेवला. प्रसेनजित डबा उघडून दोनदा पाहून आला.

त्या आठवड्यात रूपाने भावाला, संघदीपला, फोन लावला. "आणखी एक सळई पाठव. दांडा मी माह्या हातानं करीन."

"काहून ताई? पहिली मोडली का?"

"मोडली नाही. पण तिले तुह्ये दाजी चिकटले. सुटून नाही राह्यले."

ओसरीतून लेथचा आवाज थांबला. "ऐकू येऊन राह्यलं मले," प्रसेनजित म्हणाला, आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.