काचेवरचा नारिंगी थर

मी बोलतोय, काचेच्या तुकड्यावरचा नारिंगी थर. केसापेक्षाही कितीतरी पातळ आहे, त्यामुळे आवाज बारीक. जरा जवळ या.

कॉर्दोबा शहरातल्या या प्रयोगशाळेत आयलेनने आपल्या पीएचडीच्या प्रबंधासाठी मला घडवलं. गरगर फिरणाऱ्या काचेवर तिने एक थेंब सोडला, मी पसरलो आणि वाळलो. माझ्या अंगातले रेणू उजेड पडला की वाकतात, पुन्हा सरळ होतात. तिने लेसरचे दोन झोत माझ्यावर एकत्र आणले, तेव्हा उजेड-अंधाराच्या बारीक रेघा पडल्या. उजेडातला मी हळूहळू अंधाराकडे सरकलो आणि अंगावर टेकड्यांच्या रांगा उठल्या. तिरपं धरलं की माझ्यात सगळे रंग दिसायचे. त्या दिवशी आयलेन वेड्यासारखी हसत सुटली होती.

पण प्रबंधाच्या परीक्षक बासाल्दुआबाईंचा आयलेनने पाठवलेल्या टेकड्यांच्या फोटोंवर भरवसा नव्हता. "टेकड्या स्वतः बघेन, नाहीतर प्रबंध परत," असं त्यांनी कळवलं होतं. त्या आज येणार होत्या, आणि माझ्यासारखा दुसरा थर करायला सामान उरलेलं नाही.

धूळ नको म्हणून सकाळी आयलेनने मला बंद हॉट प्लेटवर, म्हणजे विजेच्या सपाट शेगडीवर, उपड्या झाकणाखाली ठेवलं आणि ती बाईंसाठी खोली उघडायला गेली.

मग एवारिस्तो आला. शेजारच्या टेबलावर काम करतो. मनाने चांगला, पण येर्बाच्या बाबतीत महाहट्टी. त्या कडू पाल्याचा पेला एकाच नळीने सगळ्यांत फिरल्याशिवाय इथे कुणाचं डोकंच चालत नाही. पाणी उकळलं की येर्बा करपतो, म्हणून हा पठ्ठ्या किटली प्रयोगाच्या हॉट प्लेटवर ठेवतो. आच हातात राहते म्हणे. त्याने मला झाकणासकट प्लेटच्याच कडेला सारलं आणि बटण फिरवलं.

आधी ऊब लागली, मग चटके बसायला लागले. मी मऊ पडत होतो, टेकड्या खचत होत्या आणि एवारिस्तो शीळ घालत होता. मला ओरडता येत नाही, याचा असा संताप कधी झाला नव्हता.

"किटली कुणी ठेवली?" आयलेन दारातच थांबली.

"मी. का गं?"

"झाकणाखाली माझा थर आहे, एवारिस्तो."

तिने मला उचलून तिरपं धरलं. एकही रंग दिसेना. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला पुन्हा पुन्हा तिरपं करून बघितलं.

"पुन्हा कोरता येईल ना?" त्याचा चेहरा उतरला होता.

"वीसेक मिनिटं लागतील. कुणी नुसतं चाललं तरी रेघा बिघडतात."

"मग लाग कामाला. बाई आल्या तर मी त्यांना येर्बा पाजत बसवतो."

"करपलेला पाजू नकोस म्हणजे झालं."

पंखे बंद झाले. झोत माझ्यावर आले आणि मी पुन्हा सरकू लागलो. बाहेर बाईंचा आवाज आला, तसा आयलेनच्या कपाळाला घाम फुटला. पण हात हलला नाही. रंग परत आले.

आत येताना एवारिस्तो तिच्या कानात कुजबुजला, "काही बोलू नकोस. अगदी तसाच दिसतोय."

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "फोटोतल्या टेकड्या याच ना?"

आयलेन म्हणाली, "नाही, डॉक्टर. त्या सकाळी वितळल्या. या आत्ता कोरल्या."

एवारिस्तोने डोळे मिटून घेतले.

"पुसून पुन्हा कोरल्या? तेवढ्याच उंच?"

"हो."

"माझ्यासमोर करून दाखव."

आता मी पुन्हा हॉट प्लेटवर आहे. या वेळी तिने स्वतःच्या हाताने ठेवलंय. टेकड्या खचतायत. भीती वाटत नाही, असं खोटं सांगणार नाही. उजेडाने दोनदा उभं केलं, तिसऱ्यांदा करेलच याची मला खात्री नाही, तिलाही नाही. तरी खरं बोलली पोरगी.

सपाट झालो. तिने मला जागेवर बसवलं, झोत सोडले. बाई श्वास रोखून उभ्या आहेत. तुम्हीही जरा हलू नका.