पिटबुल लिही

रॉजर गुर्स्की रांगेत उभा दिसला तेव्हा बर्नडेट माजुरच्या हातात उकळत्या तेलात बुडालेला झारा होता. मधे चार फुटांचं टेबल होतं, हे रॉजरचं नशीब.

ईस्टरच्या आधीच्या उपासातले शुक्रवार आले की अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या त्या वस्तीत चर्चच्या तळघरात मासे तळले जात. मांस वर्ज्य म्हणून मासे, आणि त्यांवर लोक असे तुटून पडत की उपास नेमका कोणी धरलाय हे माशांनाच विचारावं. बर्नडेट बावीस वर्षं त्या कढईपाशी उभी राहत आली होती. शाळेच्या खानावळीत रोज तीनशे पोरांचं जेवण रांधणारी बाई, तिला कढईचं काय भय? आज मात्र तिचं लक्ष तेलावर नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळावर होतं. साडेचार वाजले होते. सहाला घरमालकाचं ऑफिस बंद होणार होतं. तोवर भाडेकरूच्या विम्याचा कागद तिथे पोचला नाही, तर तिने पसंत केलेलं दोन खोल्यांचं घर दुसऱ्याला जाणार होतं.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा भाड्याच्या घरात निघाली होती. चौतीस वर्षं स्वतःच्या घरात काढलेल्या बाईला भाडेकरूचा विमा म्हणजे काय हे कशाला ठाऊक असेल? घर मालकाचं, भिंती मालकाच्या, गळलं तर छप्परही मालकाचं, मग विमा मी का काढू, असं तिने ऑफिसातल्या मुलीला विचारलंही होतं. मुलीने समजावलं की भिंतींचा नाही, तुमच्या सामानाचा, आणि तुमच्यामुळे कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. 'तुमच्यामुळे' म्हणताना मुलीची नजर खाली गेली. तिथे पर्ल बसली होती.

पर्ल ही चेटची कुत्री. चेट म्हणजे बर्नडेटचा नवरा, गेल्या शरदात गेलेला. पर्ल अकरा वर्षांची, जातीने पिटबुल, अर्धे दात पडलेले, आणि टोस्टरमधून पाव उडाला की बाथरूममध्ये जाऊन लपणारी. कुत्रा चालेल म्हणणारी आणि बर्नडेटला परवडणारी इमारत अख्ख्या शहरात एकच निघाली. तिथली अट अशी की कुत्रा कुणाला चावला तर भरपाई देईल असा विमा हवा. ते घर हातचं गेलं तर बर्नडेट आपल्या लेकीकडे सोफ्यावर झोपली असती, पण जावयाला कुत्र्याच्या केसांनी दम लागायचा. मग पर्लला सरकारी कोंडवाड्यात द्यावं लागलं असतं. अकरा वर्षांची पिटबुल तिथे गेली की परत बाहेर येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

बुधवारी तिने एका कंपनीला फोन लावला. बाई मधाळ बोलत होती. सामान किती, कुलूप कसलं, धुराची घंटा आहे का, सगळं झालं. महिन्याला अकरा डॉलर. मग तिने विचारलं, कुत्रा आहे का, कोणत्या जातीचा. 'पिटबुल' म्हटल्याबरोबर तो मध आटला. गुरुवारी दुसरी कंपनी, तीच प्रश्नावली, तोच शेवट. रात्री मुलगी कॅरी फोनवर म्हणाली, "मॉम, लॅब्रडॉरची भेसळ आहे म्हणून लिही ना. सगळेच लिहितात. कोण बघायला येतंय?"

बर्नडेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लेकीचा फोन तोंडावर बंद केला, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. 'सगळेच लिहितात' हे शब्द तिने आधी एकदा ऐकले होते, आपल्याच स्वयंपाकघरात, रॉजर गुर्स्कीच्या तोंडून.

रॉजर चेटचा शाळेपासूनचा मित्र. पाचसहा कंपन्यांची कामं घेऊन तो सगळ्या वस्तीचे विमे उतरवायचा. दोन वर्षांपूर्वी असाच त्यांच्या टेबलाशी बसून त्याने चेटच्या आयुर्विम्याचा अर्ज भरला होता. सिगारेट ओढता का, या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिलं आणि बर्नडेटने केलेल्या केकचे दोन तुकडे खाऊन गेला. एकोणीस महिन्यांनी चेट गॅरेजमध्ये कोसळला तो उठलाच नाही. पहिल्या दोन वर्षांत माणूस गेला की कंपनी जुने कागद उकरून बघते. कंपनीने डॉक्टरची फाईल मागवली, तिच्यात लिहिलं होतं, रोज एक पाकीट. भरलेले हप्ते तेवढे परत आले, सोबत छापील शोकपत्र. त्या विम्यातून घराचं कर्ज फिटायचं होतं. ते फिटलं नाही आणि घर विकावं लागलं.

कंपनीचं ते पत्र आल्यापासून पाच महिने बर्नडेट रॉजरशी बोलली नव्हती. प्रार्थनेला तो डावीकडे बसला की ती उजवीकडे बसायची. भेटेल त्याला सांगायची की या माणसाच्या एका शब्दाने मला रस्त्यावर आणलं. लोकांना ते पटायचं. वस्तीतल्या कितीतरी घरांनी रॉजरकडचे विमे काढून दुसरीकडे नेले.

आज सकाळी बटाटे सोलताना इरीनने विषय काढला होता. इरीन ऐंशीची, त्या स्वयंपाकघराची मालकीणच म्हणा. तिचं म्हणणं, पिटबुल घेणारी कंपनी असली तर रॉजरलाच माहीत असणार, गप त्याच्याकडे जा. बर्नडेट म्हणाली, मी मरेन पण त्याच्या दारात जाणार नाही. "तू खुशाल मर," इरीन म्हणाली, "कुत्रीचं काय करायचं ते सांग."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरीला पाय धरायचेच नव्हते, गाढवाला लाथ घालायची होती. पण घड्याळात पावणेपाच झाले होते आणि गाढव ताट घेऊन समोर येऊन ठेपलं होतं.

रॉजरने नजर ताटावरच ठेवली आणि दोन मासे मागितले. बर्नडेटने दोन वाढले. मग म्हणाली, "मला भाडेकरूचा विमा हवाय. कुत्रीसकट. सहाच्या आत."

रॉजरचा चेहरा असा खुलला की पाच महिन्यांचा अबोला फिटलाच. "एवढंच ना, बर्नी? आत्ता करू. पर्लचंच ना? लॅब्रडॉरची भेसळ लिहून टाकू, सगळेच..."

झारा टेबलावर आदळला. तेलाचे शिंतोडे रॉजरच्या टायवर उडाले.

"पिटबुल लिही," बर्नडेट म्हणाली. "या सगळ्यांसमोर, तुझ्या हाताने लिही. तुझ्या एका 'नाही'ने माझं घर खाल्लं, रॉजर. आता माझी कुत्री खाऊ नकोस."

कोबीची कोशिंबीर वाढणारी बाई चमचा धरून तशीच राहिली. रॉजरचे कान लाल झाले. तो मुकाट्याने गेला असता तर विषय तिथेच संपला असता आणि बर्नडेट आयुष्यभर बरोबर ठरली असती. पण पाच महिने वस्तीची थुंकी झेललेला माणूस तो, त्याने ताट खाली ठेवलं.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा चेटने तुझ्याकडे बघितलं. तू कॉफीचं भांडं घेऊन उभी होतीस. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीसुद्धा तुझ्याकडे बघितलं. तू काय म्हणालीस, आठवतं? म्हणालीस, साखर किती घालू."

चाळीस वर्षं ती रॉजरला कॉफी देत आली होती. तो साखर घेत नाही हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिला सगळं माहीत होतं. आजही माहीत होतं आणि त्या दिवशीही. चार वर्षांपूर्वी चेटच्या छातीत पहिली कळ आली तेव्हा तिने शपथ घातली होती की पुन्हा सिगारेट हातात दिसली तर मी बहिणीकडे निघून जाईन. चेटने सोडली. म्हणजे स्वयंपाकघरात सोडली. गॅरेजमधून तो पेपरमिंट चघळत यायचा, त्याच्या जाकिटाच्या खिशात चकचकीत वेष्टणं सापडायची, आणि ती गुपचूप ती वेष्टणं कचऱ्यात टाकून जाकीट धुवायला घालायची. बोललं असतं तर बहिणीकडे जावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ती झाकूनच ठेवली, आणि रॉजरने विचारलं तेव्हाही उघडली नाही.

"तुला तरी माहीत होतं ना?" तिचा आवाज चिरकला. "मग तू का लिहिलंस? सगळेच लिहितात, असं तूच म्हणालास."

"म्हणालो. गॅरेजमध्ये त्याच्या शेजारी बसून मीही ओढायचो, मला माहीत नसणार? माझं चुकलं, मी कुठे नाही म्हणतोय? पण त्या टेबलाशी तीन माणसं होती, बर्नी. तू पाच महिने एकाचंच नाव घेतेयस."

मासे करपायला लागले होते. इरीनने बर्नडेटला कोपराने बाजूला ढकललं, झारा उचलला आणि दोघांना सांगितलं की भांडण बाहेर जाऊन करा, नाहीतर विमा करा, इथे लोकांना भूक लागलीय.

कोट टांगायच्या कोपऱ्यात दोन घडीच्या खुर्च्या होत्या. रॉजरने गाडीतून लॅपटॉप आणला. बर्नडेटचा राग गेला नव्हता, जायला काही कारणही घडलं नव्हतं. इतके दिवस तो सगळा एका ताटात वाढलेला होता, आता त्याचे तीन वाटे झाले. रॉजरचा होताच. चेट गेल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्यावर रागावली, लाज नाही वाटली का रे, असं मनात म्हणाली. आणि उरलेला वाटा कुणाचा ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

चार कंपन्यांनी नकार दिला. पाचवीने कुत्रा आजवर कुणाला चावलाय का ते विचारलं, पर्लच्या डॉक्टरचं नाव मागितलं आणि घेते म्हणाली. आता निवड करायची होती. जळालेल्या सामानाची नव्या वस्तूच्या भावाने भरपाई हवी असेल तर महिन्याला एक्केचाळीस डॉलर. वापरून जुन्या झालेल्या वस्तूच्या भावाने चालणार असेल तर एकोणतीस. बर्नडेटने पगारातून तीस बाजूला काढले होते, एकतीसावा नव्हता.

"जुन्या भावाने म्हणजे काय मिळेल?"

"चेटची आरामखुर्ची समजा दहा डॉलर."

"आणि माझ्या आईची पोळपाटासारखी मोठी फळी?"

रॉजर घुटमळला. "काही नाही. फार जुनी आहे ना."

"ती पोलंडहून बोटीतून आलीय."

"कंपनीला बोट कळत नाही, बर्नी. तिला साल कळतं."

साठ वर्षं जिच्यावर घरातली प्रत्येक पोळी लाटली गेली त्या फळीची किंमत शून्य, आणि दात पडलेल्या कुत्रीची भीती महिन्याला अठरा डॉलर जास्त. या लोकांच्या तराजूला आग लावावी असं तिला वाटलं. पण आगीचाही विमा त्यांच्याचकडे होता.

"जळू दे सगळं," ती म्हणाली. "एकोणतीसचा घे. कुत्रीचं नीट लिही."

रॉजरने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, तिला अक्षरं दिसतील असा, आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर लिहिलं. पिटबुल. तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग पत्ता, मग फोन, मग दाराचं कुलूप. सहाला वीस मिनिटं राहिली होती. शेवटच्या पानावर एकच प्रश्न उरला होता आणि तो वाचताना रॉजर अडखळला.

"घरात सिगारेट ओढणारं कुणी आहे का?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने मात्र त्याच्याकडेच बघितलं.

"होता," ती म्हणाली. "आणि मला माहीत होतं. आता कुणी नाही. असं लिही."

असं लिहायला जागा नव्हती. तिथे 'हो' आणि 'नाही' एवढंच होतं. रॉजरने 'नाही' निवडलं आणि अर्ज पाठवला. सहाला दहा कमी असताना ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, कागद पोचला, उद्या सकाळी किल्ली घेऊन जा. पलीकडे इरीन ओरडत होती की मासे संपले. बर्नडेट पडद्यावरच्या त्या 'नाही'कडे बघत बसली. या वेळी त्यात तसूभरही खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.