फुगलेला कागद

अनातोल गिशारचं डोकं फिरलं होतं ते पोलादी पट्टीवर. पॅरिसच्या त्या छापखान्यात तो तीस वर्षं रेशमी जाळीवर चित्रं छापत आला होता, आणि आज जाळीवरच्या साच्यात पट्टी धरून सुरीनं कापलेल्या रेषा मधोमध वाकड्या. जुने कारागीर म्हणतच असत, पट्टी झिजते, डोळा झिजत नाही. त्यानं पट्टी दिली भिरकावून आणि बार्ताय नावाच्या चित्रकाराच्या एकशेवीस काळ्या रेषा नुसत्या नजरेनं सरळ कापल्या.

नमुना छापून निघाला तसा बार्ताय खुर्चीतून उठलाच. "अनातोल, हे काय केलंस रे? कागद मधे फुगलाय. हात लावून बघावंसं वाटतंय." त्यानं तिथंच 'असंच छापा' लिहून सही ठोकली. सही झाली की प्रत्येक प्रत त्या नमुन्याबरहुकूम, हा धंद्याचा कायदा.

अनातोलला कागद सपाट दिसत होता. घरी जाऊन त्यानं एकेक डोळा झाकून खिडकीची चौकट पाहिली, तर तीही मेली वाकलेली. दोन्ही डोळ्यांनी. पण डोळे गेलेला कारागीर कोण ठेवून घेणार? सकाळी तो नेहमीसारखा कामावर गेला.

छापखान्याच्या मालकीणबाई मादाम गारेक मात्र खुशीत होत्या. "बार्तायना अशी आणखी पाच चित्रं हवीत. फुगवटा मोठा. तुझ्या नजरेला कुणाची दृष्ट नको लागायला."

फुगवटा म्हणजे नेमका कुठं, हे विचारायची सोय नव्हती. अनातोल आठवडाभर कापत राहिला. अखेर रेषा त्याला छान फुगलेल्या दिसल्या, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

बार्तायनं तो कागद उजेडात धरला. "यात काय आहे? नुसत्या सरळ रेषा. शाळेतली पोरं आखतात तशा."

मग अनातोलला राहवलं नाही. "मुस्यो, मला सरळ ते वाकडं दिसतं. पहिलं चित्र चुकून झालं. मला डॉक्टरकडे जाऊ द्या, उशीर झाला तर उरलीसुरली नजरही जाईल."

त्याला वाटलं, आता हाकलतील. खरं तर हाकलावं असंच वाटत होतं, म्हणजे डॉक्टर तरी गाठता आला असता. बार्तायनं त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळे निरखले.

"म्हणजे तुला सरळ दिसेल तेच कापायचं, झालं. डॉक्टरचं पाच चित्रं झाल्यावर बघू."

"मादाम, तुम्ही तरी सांगा यांना."

मादामनी नवी रेशमी जाळी त्याच्यासमोर ताणून लावली. "अरे, डॉक्टर कुठं पळून जातोय? पाचच तर आहेत."

अनातोलनं सुरी उचलली. हात जराही थरथरत नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हाताचा राग आला.