तीनशे जबड्यांचं बिऱ्हाड

कवळीवाला गेला, तेव्हा मागे एक बायको आणि तीनशे जबडे ठेवून गेला. बायकोचं काय करायचं यावर नातेवाइकांनी तावातावाने चर्चा केली. जबड्यांचा विषय निघाला की सगळ्यांना घरी कामं आठवायची.

गिऱ्हाइकाची कवळी झाली की तोंडाच्या मापाचा प्लास्टरचा साचा बाकीचे लोक फेकून देतात. हा पठ्ठ्या बुडाला पेन्सिलीने गिऱ्हाइकाची ओळख लिहून जपून ठेवायचा. का, तर कवळी हरवली तर पुन्हा माप नको. कवळ्या काही हरवल्या नाहीत. गिऱ्हाइकंच एकेक करून गेली आणि साचे राहिले. कुठलंही कपाट उघडा, कुणीतरी दात विचकून बघतंय. दातांच्या फटींत कसर, टाळूला चिकटलेली झुरळांची अंडी.

त्याची बायको एकतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती. सगळे तिला टायपिस्टबाईच म्हणत. नवरा जाऊन आठ महिने होतात न होतात तोच तिच्या किडन्यांनी हात वर केले. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, आधीचं घाणेरडं पाणी बाहेर काढायचं. घरच्या घरी जमतं, पण खोली स्वच्छ हवी. धूळ नको, किडे नकोत, जनावरं नकोत.

म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरचं चार खोल्यांचं घर विकलं आणि तळमजल्यावर एक खोली घेतली. हॉस्पिटलच्या सिस्टरने येऊन खोली पास केली की झालं. नाहीतर आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, आणि ने-आण करायला माणूस हवं म्हणून मुक्काम थोरल्या नणंदेकडे. नणंदेकडे तीन मांजरं होती. ती पीठ मळायच्या परातीत झोपायची. चहात केस निघाला की नणंद तो चिमटीत धरून म्हणायची, "आमच्या सोनीचा दिसतोय," आणि चहा पिऊन टाकायची. टायपिस्टबाई तिकडे गेली की चहा सोडल्याचं सांगायची.

जबडे भंगारवाल्याने घेतले नाहीत. कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, "आम्ही माणसांचे अवयव नेत नाही." शेवटी तिने ते बारा खोक्यांत भरले, खोकी जुन्या घराच्या फाटकाबाहेर ठेवली आणि मागे वळून न बघता निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सिस्टर आली. पलंगाखाली वाकली, कपाटावर बोट फिरवलं, मोरी हुंगली. फॉर्मवर चौदा रकाने होते. तेरा रकान्यांत बरोबरची खूण झाली, आणि दारात टेम्पो थांबला.

"अगं वहिनी, किती वेंधळी तू!" नणंद उतरता उतरताच ओरडली. "माझ्या भावाची कला रस्त्यावर विसरून आलीस! नशीब मी तिकडून चालले होते!"

"वन्सं, आत आणू नका. वन्सं, तिथेच थांबा—"

टेम्पोवाल्याने पहिलं खोकं उंबऱ्यावर आणलं आणि खोक्याचं बूड सुटलं. फरशीभर जबडे. पांढऱ्या धुळीचा लोट उठला. कसर सैरावैरा पळाली आणि एक गलेलठ्ठ झुरळ सिस्टरच्या बुटावर चढून मिशा हलवू लागलं.

"मावशी, हे काय आहे?"

"माझ्या नवऱ्याची इस्टेट."

एक साचा टायपिस्टबाईच्या पायाशी आला होता. बुडाला त्याचं बारीक, तिरकं अक्षर. तो उचलायला ती वाकली. तेवढ्यात त्या साच्यातूनही एक झुरळ निघालं. ती झटकन सरळ झाली.

सिस्टरने फॉर्म मिटला. "ही खोली मी पास करू शकत नाही."

"बरंच झालं!" नणंद म्हणाली. "चल माझ्याकडे. मांजरांनाही सोबत."

सिस्टरने पाय झटकला. बुटाला टेकलेला साचा दोन बोटांत उचलला आणि सवयीने बुडाचं वाचलं, "थोरली ताई. वरची पूर्ण कवळी. कुणाला सांगायचं नाही."

नणंदेचा हात तोंडावर गेला. गेली वीस वर्षं प्रत्येक लग्नात नणंद पाहुण्यांना स्वतःचे बत्तीस दात मोजायला लावत होती.

"टेम्पोवाले!" ती किंचाळली. "उचला हे सगळं! नदीत टाका, खड्ड्यात टाका!"

"अहो, पण भावाची कला—" टेम्पोवाला म्हणाला.

"कला गेली चुलीत! खालचा कुठाय? खालचाही केला होता मेल्याने!" आणि पासष्ट वर्षांची नणंद चारी पायांवर पलंगाखाली शिरली.

सिस्टर हसू दाबत म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत माझा एक पेशंट आहे. तासाभराने परत येते. मग बोट फिरवीन."

खोकी पुन्हा टेम्पोत चढली आणि नणंदही त्यांच्यामागे गेली. टायपिस्टबाईने मास्क चढवला. झुरळं चपलेने मारली, पुसून काढलं, पुन्हा पुसलं. दोनदा ओकारी आली, ती मोरीत काढून मोरीही घासली. तासाने सिस्टरचं बोट कपाटावरून, खिडकीवरून, दाराच्या कडेवरून फिरलं आणि पांढऱ्या धुळीचा कणही न लागता वर आलं. चौदावी खूण झाली.

चार वाजता तिने हात धुतले, खिडकी लावली, कडी घातली आणि नळी जोडली. पोटातलं पिवळं पाणी पिशवीत उतरू लागलं. शी! स्वतःचं असलं म्हणून काय झालं.

दार धडधडलं. "वहिनी, उघड! बाराही खोकी पालथी घातली, खालचा नाही सापडला! तुझ्याकडेच राहिलाय!"

"वन्सं, नळी लावलीय. दार उघडायचं नाही, सिस्टरची सक्त ताकीद आहे."

"किती वेळ लागतो?"

अर्धा तास लागायचा.

"अंधार पडेपर्यंत," टायपिस्टबाई म्हणाली आणि उशीला टेकून बसली.