उचकी माझी आहे

मी पडदा बोलतोय. दाराचा नाही, नाटकाचाही नाही. छाती आणि पोट यांच्या मधोमध ताणलेला, तुमच्या प्रत्येकाच्या आत असलेला पडदा. शाळेच्या पुस्तकात मला श्वासपटल म्हणतात आणि परीक्षा संपली की विसरतात. हृदयावर माणसं गाणी करतात. माझ्यावर कुणी एक ओळ लिहिली असेल तर शपथ!

मी विरूपाक्ष अप्पांचा. अप्पा मूळचे उदगीरचे, पण उभं आयुष्य लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तुरीचा सौदा पुकारण्यात गेलं. त्यांची आरोळी पार फाटकापर्यंत जायची. लोक म्हणायचे, काय गळा आहे! गळा कसला? मी खाली दबायचो तेव्हा छातीत हवा भरायची, तेव्हा कुठे गळ्याला वाचा फुटायची.

उचकी मात्र निव्वळ माझी खोडी. मला आचका आला की अप्पांना उचकी लागायची. मग त्यांची बायको कमलम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोण आठवण काढून राहिलंय बघा!" दोघं एकेक नाव घ्यायची. ज्या नावाला उचकी थांबेल, त्यानं आठवण काढली. मी कधी त्यांच्या लेकीच्या, अंजूच्या नावाला थांबायचो, तर कधी मुद्दामच, रुसलेल्या व्याह्यांच्या. मग घरात जो हशा पिकायचा, त्यातही पोट हलवायचं काम माझंच.

यंदा अप्पांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तोंडातून नळी घातली, श्वासाचं यंत्र जोडलं. यंत्रानं अप्पांचा जीव वाचवला, हे मी मान्य करतो. पण माझं काय झालं तेही ऐका. यंत्र फुस्स करून हवा आत ढकलायचं आणि तिच्याबरोबर मीही ढकलला जायचो. मेंदू औषधानं गाढ झोपलेला. त्याचा हुकूम आल्याशिवाय मला हलता येत नाही, आणि हुकूम काही येईना. बरगड्यांना लोक पिंजरा म्हणतात, ते मला तेव्हा पटलं. "मी आहे इथं" असं ओरडावं म्हटलं, तर ओरडायलाही श्वास लागतो.

काम नसल्यानं मी पातळ होत चाललो. प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला हात पाहिलाय ना, तसा. भीती एकच होती. न्यूमोनिया बरा होईल, यंत्र काढायची वेळ येईल आणि अप्पांचा श्वास मला पेलवणारच नाही. वॉर्डातले नर्स, धम्मानंद ब्रदर, डॉक्टरांना सांगायचे, "पेशंट स्वतःहून श्वास घेत नाही." कसा घेणार? घेऊ द्याल तर ना!

एका दुपारी भेटीच्या वेळेला कमलम्मा आत आली. अप्पांच्या कपाळाला विभूती लावून त्यांचा हात धरून बसली. आणि मला आचका आला. का आला, मलाच ठाऊक नाही. अप्पांचं पोट उडालं, यंत्र किंचाळलं.

"उचकी लागली!" कमलम्मा उठून उभी राहिली. "अवो, अंजूनं आठवण काढली का? मोंढ्यातल्या तुमच्या दोस्तानं, शिवमूर्तीनं? का उदगीरच्या रविकिरणनं?"

एकाही नावाला मी थांबलो नाही.

धम्मानंद धावत आले. "उचकी-बिचकी न्हाई मावशी, मशीनशी भांडून राहिलेत. झोपेचं औषध वाढवावं लागंल."

मी हबकलो. आणखी औषध म्हणजे आणखी अंधार. तेवढ्यात डॉक्टर उज्वला आल्या. कमलम्मानं त्यांचा हातच धरला. "बाई, उचकी हाय हो. कुणीतरी यांची आठवण काढून राहिलंय."

"आठवण कोण काढतंय ते मला ठाऊक नाही काकू," डॉक्टर म्हणाल्या. "पण उचकी कुणाची असते ते ठाऊक आहे. धम्मानंद, औषध वाढवू नका, थोडं उतरू द्या. आधी पडदा बघू."

औषध उतरल्यावर सोनोग्राफीचं यंत्र आलं. उजव्या बरगडीवर गार जेली लागली. पडद्यावर मी पडदा दिसलो, दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळसर, बारीक. मला लाज वाटली. डॉक्टरांनी यंत्राचा जोर कमी केला आणि सगळे वाट पाहू लागले. हुकूम येईना. मग आला, भिंतीपलीकडून हाक यावी तसा क्षीण. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून आवळलो.

"जाड झाला! बघा, श्वास घेताना जाड झाला. हा यांचा स्वतःचा श्वास आहे."

मग यंत्रानं ढकलायचं सोडून नुसता हात द्यायला सुरुवात केली. डॉक्टर रोज मला बघत. मी दमायचो, थरथरायचो. एकदा तर पुन्हा यंत्राचा जोर वाढवावा लागला आणि कमलम्मा बाहेर जाऊन रडली. पण शेवटी नळी निघाली.

अप्पांचा आवाज फाटकापर्यंत सोडा, पलंगाच्या कडेपर्यंतही पोहोचेना. कमलम्मा सांगत होती, "समद्यांची नावं घेतली, तरी उचकी थांबतच न्हवती."

"तुझं..." अप्पा थांबले. दम घेतला. "तुझं न्हाई... घेतलंस."

"मी तर हितंच बसले होते की!" म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

शब्दाशब्दाला थांबावं लागलं अप्पांना. पण यंत्र बंद होतं. ते श्वास माझे होते.

अजून मी बारीकच आहे, लवकर थकतो. तुम्हाला उचकी लागली तर पाणी प्या, माणसांची नावंही खुशाल घ्या. जमलंच तर शेवटी एकदा माझं घ्या. मी थांबेन.