भाड्याचा टीव्ही आणि रंगूबाईंचा अबोला

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. काळ्यापांढऱ्या चित्रांचा, चार पायांवर उभा राहणारा, तोंडाला लाकडी सरकतं दार असलेला. आता मला पाहून मुलं हसतात. हसोत बापडी. पण एके काळी मला बघायला माणसं चपला बाहेर काढून, हात जोडल्यासारखी बसत, एवढं मी सांगून ठेवतो.

मुंबईच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तिथून मला थेट सांगलीला नेलं. आदगोंडा पाटील हे तिथले हळदीचे व्यापारी. पेठेतला पहिला टीव्ही आपल्याच घरी यावा, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मला ओवाळून घरात घेतलं. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्या घराचा नेम, त्यामुळे सगळे हात धुऊन वेळेवर माझ्यासमोर बसले. अख्खी पेठ लोटली. बटण फिरवलं आणि काचेवर नुसत्या मुंग्या धावू लागल्या. पुण्याजवळ सिंहगडावरून सुटलेलं चित्र सांगलीपर्यंत पोचतच नव्हतं. मला विकत घेण्याआधी हे कुणी विचारलंच नव्हतं. "थोडं थांबा, येईल," असं आदगोंडा बरेच दिवस म्हणत राहिले. मग घरच्यांनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला, वर फुलदाणी ठेवली आणि माझं टेबल करून टाकलं. मला ते फार लागलं. माझा काही दोष नव्हता हो!

शेवटी साताऱ्याच्या जवाहरशेठनी मला घेतलं. त्यांचं रेडिओचं दुकान होतं. साताऱ्यात उंच एरियल लावला की चित्र दिसायचं. जवाहरशेठ मला एकेका संध्याकाळच्या भाड्यानं देऊ लागले. बारसं असो, सत्यनारायण असो, क्रिकेटचा सामना असो, मी हातगाडीवरून निघायचो. चित्र हललं की लोक माझ्या डोक्यावर फटका मारायचे. फटक्यानं काही होत नाही, मित्रांनो. पण चित्र कधीकधी नेमकं तेव्हाच यायचं आणि सगळं श्रेय फटक्याला जायचं.

एकदा कोरेगावच्या बाजूचा सयाजी मला न्यायला आला. तो लष्करातून निवृत्त होऊन शेती करत होता. उसाच्या ट्रॉलीत पाचटाची गादी करून त्यानं मला बसवलं आणि मी हलू नये म्हणून तो आणि शेजारचा धुळा दोन्हीकडून मला धरून बसले. वाटेत त्यांचं बोलणं चाललं होतं, त्यावरून मला सगळं कळलं.

सयाजीची बायको साळूबाई चार बायकांबरोबर मुंबईला जाऊन आली होती. टीव्हीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी त्यांनी तिथे भांगलणीची, म्हणजे शेतात खुरपताना म्हणायची गाणी म्हटली होती आणि तो कार्यक्रम त्याच संध्याकाळी लागणार होता. ती सगळी गाणी सयाजीच्या आईची, रंगूबाईंची. गावातल्या बायकांना त्यांनीच शिकवलेली. पण महिला मंडळानं तरण्या बायका निवडल्या आणि रंगूबाईंना साधं विचारलंही नाही. "गाणी माजी, आन् मिरवाय गेली ही," असं म्हणून रंगूबाईंनी सुनेशी बोलणंच टाकलं. कॅमेऱ्यासमोर तुमचं नाव घेतलंय, असं साळूबाईनं शपथेवर सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना.

"नाव तर घेतलंय तिनं," सयाजी म्हणाला. "पर मुंबईवाल्यांनी ते ठेवलंय का कापलंय, कुनाला ठावं? कापलं आसंल तर आमच्या घरात पुन्यांदा गानं व्हायचं न्हाई, गड्या."

मला ओसरीवर मांडलं. लोखंडी पाइपाला एरियल बांधून सयाजी कौलांवर चढला. धुळा अंगणात उभा राहून ओरडू लागला.

"आलं का?"

"न्हाई! मुंग्याच हायत!"

"आता?"

"आलं! आलं! आरं, गेलं की!"

शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. सयाजीनं पाइप हातात धरला की चित्र यायचं आणि सोडला की जायचं. दोरीनं बांधून बघितलं, धुळानं धरून बघितलं, काही उपयोग झाला नाही. ज्यानं हौसेनं मला आणलं तोच बिचारा वर पाइपाला मिठी मारून बसला, डोंगराकडे तोंड करून.

रंगूबाई बाहेर आल्या, पण खांबाला टेकून माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मी बघाय आले न्हाई. वाऱ्याला बसलीया," त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

कार्यक्रम सुरू झाला. साळूबाईचा चेहरा माझ्या काचेवर आला तसा अंगणात एकच गलका झाला. खरी साळूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. गाणं सुरू झालं आणि रंगूबाईंची मान हळूहळू वळली. त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपलं. मुलाखत घेणाऱ्या मुंबईच्या बाईंनी विचारलं, "ही गाणी तुम्हांला कुणी शिकवली?"

आणि माझं चित्र गेलं. आवाजही गेला. नुसती खरखर! मी जीव तोडून प्रयत्न करत होतो, पण वरून काही येतच नव्हतं.

रंगूबाई ताडकन उठल्या. "सयाजी! मेल्या, हात सोडलास व्हय रं? धर की नीट!"

वर कौलं वाजली. खरखरीतून आधी आवाज आला, मग चेहरा. "...आमच्या आत्यांनी. रंगूबाई त्यांचं नाव. त्यांच्यावानी आमाला कुनालाच म्हनाय येत न्हाई."

नाव ठेवलं होतं. मला सुटल्यासारखं झालं.

सगळे रंगूबाईंकडे बघत होते. त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग दाराकडे न बघताच म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस, साळू. खुरपं चालतंय तसं म्हनायचं आसतंय. पळत सुटायचं न्हाई."

साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती म्हणाली, "मग दावा की आत्या, कसं म्हनायचं ते."

रंगूबाईंनी सूर धरला. साळूबाई येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं मागून साथ दिली. सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून त्या दोघींकडे वळली. वरून सयाजी विचारत होता, "आता सोडू का रं?" पण त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची धूळ पुसत जा, ओल लागू देऊ नका, डोक्यावर मारू नका. आणि घरात कुणी कुणाशी बोलायला लागलं, तर आधी उठून आमचा आवाज बंद करा. त्या संध्याकाळी ते कुणाला सुचलं नाही. माझ्यात एक साहेब युरिया कधी टाकावा ते सांगत होते आणि त्यांच्यावर आवाज चढवून त्या म्हातारीला गावं लागत होतं. मलाही ते गाणं ऐकायचं होतं, पण माझं तोंड मला बंद करता येत नव्हतं.